तीन रोग आणि एक क्लार्क

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मगच चहा तोंडाला लावा. मागच्या खेपेला ही गोष्ट सांगताना नाना शिंप्याच्या नाकातून चहा आला, आणि चहा होता आल्याचा! बिचारा दोन दिवस शिंकत होता.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या फजित्या केल्या. त्यात माझा हात धरणारा इस्लामपुरात कोणी नाही. भर मांडवात माईकवरून 'नवरदेवाचे दात सापडले आहेत, ओळख पटवून घेऊन जावेत' असं पुकारणारा तो मीच. नवरदेव सव्वीस वर्षांचा होता हो! सासरा तीन दिवस जावयाच्या तोंडाकडं बघत होता. पण चेन्नईत माझी जी झाली, तशी मी कुणाचीच केली नाही. देवानं एका रविवारात सगळं फेडून घेतलं.

माझं शिक्षण सातवी, तेही मास्तर मला कंटाळले म्हणून. धंदा लाऊडस्पीकरचा. चाळीस वर्षं कर्ण्याशेजारी उभा राहिलो, त्यामुळं कान निम्मे गेले. उरलेले निम्मे ऐकतात, पण त्यांना वाटेल ते. आवाज मात्र शाबूत. मी कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या गल्लीत पोचतं.

चेन्नईला पुतणीकडं आलो होतो, पंधरा दिवसांसाठी. त्याला झाले पाच महिने. रेवा माझ्या थोरल्या भावाची मुलगी, इंजिनियर, श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात कामाला. राहायला मैलापुरात, देवळाच्या मागच्या गल्लीत. सकाळी कंपनीची बस तिला उचलून नेते, मग दिवसभर मी आणि गल्ली. इकडं म्हाताऱ्याला 'ताता' म्हणतात. पहिले आठ दिवस मला कळेना, हे लोक मला बघितलं रे बघितलं की निरोपच का देतात? मीही हात हलवून टाटा करायचो आणि मुकाट घरात परत यायचो!

तर रेवाचं मन एका पोरावर बसलं होतं. नाव श्रीराम. तिच्याच कारखान्यात, तिच्याच बसमध्ये. तंजावरचे मराठी लोक हे, कैक पिढ्यांमागं इकडं आलेले. पोरगा गुणाचा. अडचण एकच, त्याची आई. सगळे त्यांना अम्मा म्हणतात. अम्मांना सून आपल्यातलीच, तंजावरची हवी होती. आमच्याकडच्या मुली सांबारात काय वाट्टेल ते घालतात, असं त्यांचं मत. 'एकदा बघायला येते' इतकंच कशाबशा कबूल झाल्या होत्या. रविवारी सकाळी. त्या 'नको' म्हणाल्या की विषय संपला. श्रीराम आईचा शब्द मोडणाऱ्यातला नाही, आणि रेवा त्याला मोडायला लावणाऱ्यातली नाही.

मुलीकडचं मोठं माणूस म्हणून कोण बसणार? दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वहिनी त्याच्या उशाशी. उरलो मी!

"काका," रेवा म्हणाली, "तुझ्या पाया पडते. रविवारपर्यंत कुणाची थट्टा करायची नाही."

"बरं."

"थापा मारायच्या नाहीत."

"बरं."

"आणि जमलं तर बोलायचंच नाही."

आता सांगा, मी शब्द दिला. पाळणारही होतो. पण कान आहेत ना माझे!

गुरुवारी संध्याकाळी रेवा गॅलरीत उभी राहून अनिकेतशी फोनवर बोलत होती. अनिकेत म्हणजे तिचा मित्र, नागपूरचा. मी आत शेंगा सोलत होतो. चोरून ऐकत नव्हतो, हां! दार उघडं होतं. म्हणजे मी उघडलं होतं.

"अरे, श्रीरामचा रोग दोन वर्षांचा आहे," रेवा सांगत होती. "आता सातव्या लेव्हलला पोचलाय."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"नाही रे, दिसत नाही कुणाला. लपून बसतो आणि मग एकदम पाठीत वार! ...हो, माझापण रोगच ना. त्याचं बघूनच घेतला मी."

अगं बया!

"काय? ती नवीन पोरगी येणार आहे, तिचापण रोग? अरे देवा! तिघंही रोग, मग बरं कोण करणार? मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना? दारातच मेलो सगळे. ...ते काही नाही. एक क्लेरिक पाहिजे म्हणजे पाहिजे. क्लेरिक मिळाला नाही तर रविवारी आपण संपलो."

तिनं फोन ठेवला. मी शेंगा टाकून टरफलं वाटीत भरत होतो, इतकं माझं डोकं फिरलं.

सातवी लेव्हल! आमच्याकडं आजाराच्या तीनच पायऱ्या असतात: गावचा दवाखाना, तालुका आणि तेरावा. हा सातव्या पायरीवर पोचला आणि अजून बसनं कामाला जातोय? शिवाय पोरीला लावला. वर आणखी एक पोरगी तयार. ही तर साथ!

तुम्ही म्हणाल, तिनं 'क्लेरिक' म्हटलं ना? अहो, मला ऐकू आलं 'क्लार्क'. आणि मला त्यात काही चूकही वाटली नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर कधी भेटतो? आधी भेटतो क्लार्क. त्यानं केसपेपर सरकवला तर माणूस जगला, नाही सरकवला तर बाकावर बसून गेला. पोरगी शिकलेली खरी, म्हटलं. डॉक्टर शोधत बसली नाही, मुळालाच हात घातला!

तरी खात्री करावी म्हणून विचारलं, "पोरी, दुखतंय का गं कुठं?"

"पाठ दुखते रे. बसमध्ये दीड दीड तास बसून."

पाठ! झालं की नाही?

दादाला कळवावं तर डॉक्टरनं सांगितलेलं, नव्या डोळ्यात पाणी येता कामा नये. म्हणजे जबाबदारी माझ्या एकट्याच्या डोक्यावर.

शुक्रवारी दोघं बसमधून उतरून घरी आले. रेवा कॉफी करायला आत गेली. मी श्रीरामच्या शेजारी सरकलो. पोरगा दिसायला ठणठणीत. गाल वर, दात पांढरे. लपलेला रोग म्हणतात तो हाच. मी आवाज जमेल तेवढा खाली घेतला.

"श्रीराम, मला कळलंय. रोग कसा आहे?"

पोराचा चेहरा असा फुलला! "तुम्हालापण सांगितली का रेवा? सूपर आहे, काका!" त्याचं मराठी असं अधूनमधून घसरतं. "रोज वाढते आहे. हे रविवारी आठवा लेव्हल होणार."

"अरे, मग सोडवायचं काही बघशील की नाही?"

"सोडायचा? इल्ले काका! मरेपर्यंत सोडणार नाही."

"आणि रेवाचा?"

"तिला मीच दिलं ना!" छाती फुगवून म्हणाला. "पहिलं नको नको म्हणत होती. आता बघा, तिचा रोग माझ्या रोगपेक्षा भारी झालं."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे भरून आले माझे. त्याला वाटलं, काकांना खेळाची केवढी आवड! हो, खेळच होता तो. पण ते मला कुठं ठाऊक?

शनिवारी सकाळी क्लार्क शोधायला निघालो. मला तमिळ येत नाही. 'वांगो' म्हणजे 'या', एवढं येतं, कारण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजीवालीला 'वांगी नकोत, दोडका द्या' म्हणालो होतो. देवळाच्या तळ्याजवळ एक कॉफीचं दुकान आहे, तिथं टेकलो आणि मोठ्यानं उसासा टाकला, "आता क्लार्क कुठून आणू रे देवा?"

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. कपाळाला गंध, कमरेला पांढरी वेष्टी म्हणजे इकडची लुंगी, खिशाला दोन पेनं. पेपर खाली झाला.

"मराठी बोलतांत की तुम्ही! कोठोन आलांत? बैसा, ऐसे इकडे बैसा."

काय ते मराठी! जुन्या बखरीतला कारकून उठून कॉफी प्यायला आलाय, असं वाटलं. नाव विचारलं, वेंकोबराव. काम विचारलं.

"आतां रिटायर. सरकारी इस्पितळाच्या ऑफिसांत क्लार्क होतों."

क्लार्क! तोही इस्पितळातला! तोही मराठी! मी उठून त्यांचे पायच धरले. ते घाबरले, वेष्टी सावरून बसले.

मग मी सगळं ओतलं. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. साधी गोष्ट साधी सांगितली तर माझ्या पोटात दुखतं. दोन वर्षांचा रोग मी पाच वर्षांचा केला. पाठीतले वार दिवसातून तीनदा केले. पोरगा कधी कधी बसमध्येच आडवा होतो, हेही घातलं.

"नांव काय पोराचें?" वेंकोबरावांनी विचारलं.

"श्रीराम. श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात. चष्मा आहे, डाव्या गालावर तीळ."

त्यांच्या हातातली कॉफी हिंदकळली. "तीळ? डाव्या?"

"डाव्याच. आणि आमच्या पोरीलाही त्यानंच लावला हो!"

"त्याचे आईस ठाऊक आहे काय हें?"

"कसलं ठाऊक! लपवून ठेवलंय. उद्या ती बाई पोरगी बघायला येणार, तिला काय कल्पना!"

वेंकोबराव उठले. म्हणाले, "मी पाहोन घेतों." आणि चालू लागले. पेल्यात अर्धी कॉफी तशीच. मैलापूरचा माणूस अर्धी कॉफी टाकून उठला, तिथंच मला कळायला हवं होतं की नाही? पण मी काय केलं? उरलेली कॉफी पिऊन टाकली आणि काम फत्ते म्हणून शीळ घालत घरी आलो!

रविवार उजाडला. रेवानं पोळ्या केल्या, सांबार दोनदा ओतून देऊन तिसऱ्यांदा केलं. मी टी. नगरहून आणलेली नवी वेष्टी नेसलो होतो. ती माझ्या कमरेवर टिकत नव्हती, म्हणून वरून पट्टा.

दहाला बेल वाजली. श्रीराम, त्याच्यामागं अम्मा. गडद जांभळं रेशमी लुगडं, नाकात हिरा, आणि डोळे रडून रडून सुजलेले. आणि अम्मांच्या मागं कोण? वेंकोबराव!

"अरे वा, क्लार्कसाहेब!" मी ओरडलो. "घरपोच?"

"हे माझे मामा," श्रीराम म्हणाला. "अम्माचे अण्णा. तुम्ही यांना ओळखतात?"

माझी वेष्टी पट्ट्यासकट खाली सरकली.

कोणी काही बोलायच्या आत अम्मांनी पिशवीतून थर्मास काढला आणि दोन पेल्यांत काळा काढा ओतला. रेवासमोर एक, श्रीरामसमोर एक. मग दोघांच्या कपाळाला विभूती लावली.

"श्रीरामा," अम्मा म्हणाल्या, "मज अस्कें कळलें." अस्कें म्हणजे सगळं. "रोग लपवलास माझ्यापासोन?"

श्रीराम पांढरा पडला. का, सांगू? या वयात बाहुल्या आणि फासे घेऊन खेळतो, हे त्यानं आईपासून खरंच लपवलं होतं.

"अम्मा, तुला आवडणार नाही म्हणोन सांगितलों नाही."

"कितीक दिवस झाले?"

"दोन वर्ष."

अम्मांनी वेंकोबरावांकडं पाहिलं. "पांच नव्हे, दोनच," असं काहीसं पुटपुटल्या आणि जरा सावरल्या. मग म्हणाल्या, "हिला तूंच दिलास?"

"हो."

"आणि तूं, मुली? ठाऊक असोन घेतलास?"

रेवा मान वर करून म्हणाली, "हो. मला आवडला म्हणून घेतला. लपवायची लाज नाही वाटत मला."

काय सांगू तुम्हाला! अम्मा उठल्या आणि त्यांनी रेवाला मिठीच मारली. ढसाढसा रडायला लागल्या. "अय्यो कण्णा! माझ्या पोराचा रोग आवडोन घेतलास? ऐशी पोरगी तंजावरांत दिवा घेऊन हुडकली तरी मिळेल काय? मी 'नको' म्हणायास आलें होतें. आतां 'हो' म्हणतें. पुढला मुहूर्त पाहा, अण्णा. उशीर नको, पोरांकडे दिवस किती आहेत कोण जाणे!"

वेंकोबराव डोळे पुसत होते. मी डोळे पुसत होतो. रेवा आणि श्रीराम एकमेकांकडं बघत होते. फाशांच्या खेळासाठी एवढं रडं? पण 'हो' मिळालं होतं. कोण विचारतंय कशाला! दोघांनी गपकन काढा पिऊन टाकला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. माझंच घोडं गंगेत न्हालं असतं. पण दार उघडंच होतं, आणि दारात अनिकेत उभा राहिला. तो खेळायला यायचा होता चारला. आला अकराला, कारण त्या गड्याला जेवणाचा वास लागतो. खांद्यावर भली मोठी पिशवी.

"नमस्कार रोगमंडळी!" तो म्हणाला. "वाईट बातमी. ती नवीन पोरगी येत नाही. दोनच रोग उरलो... म्हणजे उरलात."

अम्मांनी कानांवर हात ठेवले. "गेली?"

"हो ना काकू, गेली. गावाला."

आणि त्यानं पिशवीतून काय काढावं? अंगठ्याएवढी एक बाहुली. डोक्यावरून घोंगतं, हातात सुरी. टेबलावर ठेवली. "हा घ्या श्रीरामचा रोग. रंग देऊन आणलाय. आणि हा रेवाचा."

खोलीत असं सामसूम झालं की स्वयंपाकघरातल्या सांबाराची गुडगुड ऐकू यायला लागली. मलासुद्धा!

"हा रोग?" वेंकोबरावांनी बाहुली उचलून चष्म्याजवळ धरली.

"खेळातला," अनिकेत म्हणाला. "रोग म्हणजे इंग्रजीत लबाड. चोर. लपून बसतो, कुलपं उघडतो, पाठीत सुरी मारतो."

"मग दारात मेले ते कोण?" मी विचारलं.

"तेही खेळातच."

सगळ्या माना सावकाश माझ्याकडं वळल्या. मी गॅलरीकडं बघितलं. दुसरा मजला. उडी मारली असती, पण वेष्टी होती.

"काका," रेवा म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता, तरी लख्ख ऐकू आला. "तू काय केलंस?"

मी सगळं कबूल केलं. क्लार्कसुद्धा. वेंकोबराव गंभीरपणे म्हणाले, "लबाड म्हणजे रोग, तर या घरांत खरा रोग हाच."

अम्मांनी डोळे पुसले. पदर खोचला. "म्हणजे दोघें निरोगी?"

"हो, अम्मा!" श्रीराम हसला. "एकदम!"

"देवाची कृपा. तर माझें 'हो' मी परत घेतें."

रेवाचा चेहरा बघवेना. श्रीरामचं हसू होतं तिथंच वाळलं. वहिनी इथं असती तर मला लाटण्यानं हाणलं असतं, आणि मी डोकं पुढं केलं असतं.

"अम्मा, ऐकून तर घे..."

"काय ऐकों? चोर होऊन खेळतांत, तेंही आईपासोन लपवोन! हा खेळ तरी काय आहे, जेथें अस्के दारांतच मरतांत?"

आणि अनिकेतला तेवढंच हवं होतं. नागपूरचा माणूस, समजावायला लागला की थांबत नाही. म्हणाला, "काकू, चूक इथंच होते. चार जणांची टोळी राक्षसाच्या गुहेत जाते. एकानं पुढं उभं राहून मार खायचा, त्याला टँक म्हणतात."

"टँक गच्चीवर आहे," मी मदतीला धावलो. "आजच भरलाय."

"काका, प्लीज. दुसरा जादूगार, लांबून आग फेकणारा. तिसरा क्लेरिक, देवाचं नाव घेऊन जखमा बऱ्या करणारा. आणि चौथा रोग, कुलपं उघडणारा. चौघांत तोल असला तर टोळी जगते. पण यांना सगळ्यांनाच रोग व्हायचंय! मार खायला कोणी नाही, मलमपट्टीला कोणी नाही."

अम्मा खुर्चीवर टेकल्या. म्हणाल्या, "चिंच, डाळ, मिरची, हिंग. चारी आपापल्या मापाने पडलीं तर सांबार. तुम्ही अस्के हिंगच हिंग!"

"तेच!" अनिकेत टेबलावर हात आपटून म्हणाला. "दोन वर्षं हेच सांगतोय मी!"

अम्मांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "संसारांतही तेंच. एका घरांत दोन चोर मज चालणार नाहींत. एकाने रोग सोडायचा. मग पाहूं."

आता बघा हं. रेवानं 'मी सोडते' म्हटलं असतं तर अम्मा विरघळल्या असत्या. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, 'म्हण गं, म्हण!' पोरगी कसली! ताठ बसून म्हणाली, "अम्मा, मी नाही सोडणार. मघाशी मी आवडून घेतला म्हटलं, ते खोटं नव्हतं."

मी डोळे मिटले. संपलं.

श्रीरामनं त्याची बाहुली उचलली. आठव्या लेव्हलला जायची होती हो ती आज! दोन वर्षांचा जीव. तिच्याकडं एकदा बघितलं आणि अनिकेतच्या पिशवीत टाकली. "मी सोडतों. मी क्लेरिक."

"बोलणें सोपें," अम्मा म्हणाल्या. "खेळोन दाखव."

जेवणं राहिली बाजूला, टेबल पुसलं गेलं. टोळीला माणसं कमी, म्हणून अम्माच जादूगार झाल्या. आग लांबून फेकायची म्हटल्यावर त्यांना ते काम फार आवडलं. वेंकोबरावांनी नियमांचं जाडं पुस्तक ताब्यात घेतलं आणि खिशातलं एक पेन काढलं. शेवटी क्लार्क तो क्लार्कच. राक्षसाची बाजू अनिकेतची. आणि मला केलं टँक. म्हटलं, आज मार खायचा माझा हक्कच आहे.

फासा कसला, वीस तोंडांचा! रावणाला दहा, याला वीस. अम्मांनी पहिल्याच फाशात तीन पिशाच्चं भाजली. "सरि, पुढें चला!" म्हणाल्या. वेंकोबरावांनी अनिकेतला दोनदा अडवलं, "नियम असा नाहीं, पान उघडोन पाहा." टोळी दारात मेली नाही. पहिल्यांदाच आत गेली!

गुहेच्या तळाशी राक्षस झोपलेला. त्याच्यामागं बाहेर जायचं दार, दाराला कुलूप. रेवाचा रोग चोरपावलांनी निघाला. सगळे श्वास रोखून बसलेले. अनिकेत एकदम कुजबुजत्या आवाजात माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाला.

"आँ?" मी म्हणालो. "काय म्हणाला? जोरात बोल की!"

अनिकेतनं डोळे मिटले. "मी म्हणालो, काका, तुम्ही गप्प उभे राहता ना?"

मग त्यानं राक्षसासाठी फासा टाकला. राक्षस उठला.

पुढचं काय सांगू! त्यानं एका फटक्यात अम्मांचा जादूगार लोळवला, दुसऱ्यात रेवाचा रोग. पुढं उभं राहून मार खायला मी होतो ना? पण मी वेंकोबरावांना विचारत होतो, "कोण उठला? कोण उठला?"

श्रीरामकडं एकच मंत्र शिल्लक होता. एकालाच उठवता येणार. एकीकडं आई, एकीकडं रेवा. पोराच्या कपाळावर घाम. खेळ होता, पण त्या टेबलावर कोणालाही तसं वाटत नव्हतं. त्यानं आईकडं पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहतोस, वेड्या?" अम्मा कडाडल्या. "कुलूप कोण उघडणार, मी? तिला उठव!"

रेवाचा रोग उठला. फासा पडला, अठरा! कुलूप उघडलं. श्रीरामनं आईला ओढत दाराबाहेर नेलं, रेवानं मागून दार लावून घेतलं. टोळी वाचली. मी आत राहिलो होतो, पण ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

अम्मा हसत होत्या. घामाघूम झाल्या होत्या. रेवाच्या कपाळावरची विभूती त्यांनी पदरानं पुसली आणि तिथं कुंकू लावलं. मग आपल्या भावाकडं वळून, अगदी बोलणी करायच्या सुरात म्हणाल्या, "मुलगी पसंत. सांबार मी शिकवेन. मानपान कांहीं नको. एकच विचारा त्यांना, काका तेवढा बदलोन मिळेल काय?"

वेंकोबरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी रेवाकडं पाहिलं. सख्ख्या भावाची पोरगी, माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली!

"मिळेल की!" ती म्हणाली. "कधी हवाय?"